पहिला डोस पुण्याहून गेला, दुसरा गेलाच नाही: साथीत देशाचं देणं कसं बदलतं?

मुळामुठा

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला दाजू असतात, नेपाळमधल्या डांग जिल्ह्यातले. दाजू म्हणजे नेपाळीत दादा, लहानथोर सगळे त्यांना हेच म्हणतात. परवा रात्री लिफ्ट बंद होती म्हणून खाली बोलत बसलो, तेव्हा त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलेला एक फोटो दाखवला. त्यांच्या आईचं लसीकरणाचं कार्ड. पहिला डोस मार्च २०२१, कोव्हिशिल्ड. दुसऱ्या डोसच्या रकान्यात पेनाने लिहिलेली तारीख, ती खोडून दुसरी, तीही खोडलेली. म्हणाले, "दिदी, इथून चार किलोमीटरवर बनत होती ती लस. आईला फोनवर काय सांगणार होतो मी?"

दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

मी एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, औषधांच्या निर्यातीची कागदपत्रं करते. कोव्हिडच्या लशी आमच्या हातून गेल्या नाहीत, आमचा माल म्हणजे गोळ्या, सिरप, इंजेक्शनं. पण २ ते ८ अंशांतला माल कसा हलतो हे रोजचं आहे. पेटीत जेल पॅक, त्यात एक छोटा डेटा लॉगर, तो दर काही मिनिटांनी तापमान टिपत बसतो. विमान चुकलं की आधी त्या लॉगरची काळजी. म्हणून १२ जानेवारी २०२१ ला पहाटे पूजा करून कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, पुण्यातल्या मांजरीच्या गेटमधून तीन रीफर (शीतगृह असलेले) ट्रक निघाले, ४७८ खोकी, एकेक ३२ किलोचं, तेव्हा टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले होते.

देशात लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं आणि २० तारखेला भूतानला दीड लाख, मालदीवला एक लाख डोस गेलेसुद्धा. २१ ला बांगलादेशला २० लाख, नेपाळला १० लाख. हे सगळे भेट म्हणून. त्याच २१ तारखेला दुपारी मांजरीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली, पाच कामगार गेले. गच्चीवरून धूर दिसत होता. लस बनते ती इमारत वेगळी, त्यामुळे पुरवठा थांबला नाही. व्हॅक्सिन मैत्री, म्हणजे इतर देशांना लस पाठवायची आपली ती मोहीम, म्हटलं की मला अजून तो धूर आठवतो.

मार्च संपता संपता चित्र पालटलं. रुग्ण वाढायला लागले आणि परदेशी जाणारे डोस थांबले. निर्यातबंदी नाही असं सांगितलं जात होतं, विमानं मात्र निघत नव्हती. नेपाळने भेटीच्या १० लाखांवर आणखी २० लाख विकत मागितले होते. त्यातले १० लाख फेब्रुवारीत पोचले, उरलेले ऑक्टोबरात. मधल्या काळात पासष्टीच्या पुढचे १३ लाखांहून जास्त लोक एक डोस घेऊन बसून होते. दाजूंची आई त्यातलीच एक.

माझं म्हणणं असं. थांबवलं यात चूक नव्हती, स्वतःची माणसं मरत असताना कुठलाही देश थांबवेल. चुकलं ते न सांगता थांबवणं. आमच्या धंद्यात माल निघणार नसेल तर त्याच दिवशी समोरच्याला मेल जातो, कारण तो तिकडे गाडी, गोदाम, माणसं लावून बसलेला असतो. देशाने देशाला एवढंही सांगू नये?

इतर देशांनी त्या दोन वर्षांत काय केलं हेही वाचायला आवडेल. कुणी तिकडे असेल तर जरूर लिहा.

अजिंक्यतारा

ताई, तुमच्या भावना कळल्या. पण मला हे वाचवत नाही, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

माझे वडील ७१ वर्षांचे. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस लागोपाठ त्यांना केंद्रावर घेऊन गेलो. पहिल्या दिवशी टोकन संपले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बंद दाराला कागद चिकटवलेला, "लस उपलब्ध नाही". बाहेर रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या तशाच, प्रत्येकीवर खडूने नंबर टाकलेला. त्या आठवड्यात साताऱ्यातच नाही, पनवेलला, पुण्यात, मुंबईत केंद्रं बंद होती. आरोग्यमंत्री राजेश टोपे जाहीरपणे सांगत होते की राज्यात १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. बाबा २ मे ला गेले.

घरचे उपाशी आणि दारी अन्नछत्र, याला मी मदत म्हणत नाही. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांत आपलेच अधिकारी अभिमानाने सांगत होते की आम्ही स्वतःच्या लोकांना दिले त्यापेक्षा जास्त डोस जगाला पुरवले. ते वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

काजवा

अजिंक्यतारा दादा, काय लिहावं कळत नाही. वडिलांना आदरांजली.

मुळामुठा

दादा, तुमच्या बाबांबद्दल वाचून हात थांबले. मी आकडे लिहिणार आहे. त्याने तुमचं दुःख कमी होणार नाही आणि तुम्ही रागावलात तरी मी समजू शकेन. तरी लिहायला हवं असं वाटतं, कारण राग योग्य जागी पोचायला हवा.

मे २०२१ अखेरपर्यंत भारतातून ९५ देशांना सुमारे ६ कोटी ६३ लाख डोस गेले. यातले भेट म्हणून दिलेले साधारण १ कोटी ७ लाख. साडेतीन कोटींहून जास्त डोस विकले गेले, म्हणजे त्या त्या देशाने पैसे मोजून घेतले. जवळपास २ कोटी कोव्हॅक्स या जागतिक लसयोजनेला गेले. आठवतं का, ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी हनुमान संजीवनी घेऊन उडतोय असं चित्र टाकून धन्यवाद दिले होते? ते २० लाख डोस ब्राझीलने विकत घेतले होते. आपण सगळे मात्र ते दानात मोजत होतो.

एप्रिलच्या सुरुवातीला देशात दिवसाला ३०-३५ लाख डोस दिले जात होते. त्या हिशेबाने भेट दिलेले सगळे डोस म्हणजे आपले तीन दिवस. बाहेर गेलेले सगळेच्या सगळे धरले तर तीन आठवडे. तीन आठवडे थोडे नाहीत, हे मी मान्य करते. तुमच्या बाबांचा नंबर त्यात लागलाही असता.

पण अमेरिकेने ३० कोटी आणि ब्रिटनने १० कोटी डोसांची सोय मे २०२० मध्येच करून ठेवली होती, तेव्हा तर लस चालेल का हेही माहीत नव्हतं. आपल्या सरकारची कोव्हिशिल्डची पहिली ऑर्डर ११ जानेवारी २०२१ ची, १ कोटी १० लाख डोसांची. लसीकरण सुरू व्हायला पाच दिवस असताना. कारखान्याची क्षमता महिन्याला सहा-सात कोटी. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार?

अजिंक्यतारा

आकडे पटले. ऑर्डर उशिरा गेली हे मला एवढ्या नेमकेपणाने माहीत नव्हतं. पण तीन आठवडे तुम्ही स्वतःच म्हणालात. मी ते तीन आठवडे सोडू शकत नाही.

मुळामुठा

नका सोडू.

टेम्सकाठ

मी रेडिंगला असतो, तेवीस वर्षं झाली. इकडची बाजू लिहितो, कारण ब्रिटनचं उदाहरण या विषयात सगळ्यात ठसठशीत आहे.

श्रीमंत देशांनी गरीब देशांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७० सालचा. ब्रिटनने २०१३ मध्ये ते गाठलं आणि २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला. इथल्या लोकांना त्याचा खरोखर अभिमान होता, हे मी ऑफिसातल्या गप्पांत ऐकलंय. मदतीसाठी स्वतंत्र खातं होतं, डिफिड.

जून २०२०, साथ ऐन भरात. पंतप्रधान जॉन्सन यांनी संसदेत जाहीर केलं की डिफिड परराष्ट्र खात्यात विलीन होणार. २ सप्टेंबरला झालंही. मग २५ नोव्हेंबरला अर्थमंत्री सुनक यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी ०.७ ऐवजी ०.५ टक्के. खात्यातल्या मंत्री लिझ सग यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये १५.२ अब्ज पौंड मदत होती, २०२१ मध्ये ती ११.४ अब्जांवर आली.

कुऱ्हाड कुठे पडली ते बघा. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी गरीब देशांत गर्भनिरोधकं आणि बाळंतपणाची औषधं पुरवतो, त्याला मिळणार होते १५.४ कोटी पौंड, मिळाले २.३ कोटी. पोलिओ निर्मूलनाच्या कार्यक्रमाला १० कोटींवरून ५० लाख. युद्ध चालू असलेल्या येमेनला आधीच्या वर्षी १६ कोटी कबूल केले होते, २०२१ ला ८.७ कोटी.

माझी बायको तेव्हा एका लहान संस्थेचे हिशेब बघायची. त्यांचं मुलींच्या शाळेचं काम आफ्रिकेत दोन ठिकाणी चालायचं. तीन वर्षांचा करार, दुसरं वर्ष चालू. एका दुपारी मेल आला की पुढचा हप्ता येणार नाही. ती स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होती, म्हणाली, शिक्षिकांचे पगार तर मी एप्रिलपर्यंतचे मंजूर केलेत. मुळामुठाताई, तुमचं "न सांगता थांबवणं" वाचलं आणि मला ते टेबल दिसलं.

१३ जुलै २०२१ ला यावर संसदेत मतदान झालं, सरकार ३३३ विरुद्ध २९८ असं जिंकलं. माजी पंतप्रधान थेरेसा मे स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध मत देऊन आल्या. अटी पूर्ण झाल्या की ०.७ वर परत जाऊ असं ठरलं होतं. परत जाणं लांबच, फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायची घोषणा झाली, आणि तीही दुसऱ्या पक्षाच्या सरकारने केली.

साथीपुरती म्हणून केलेली कपात साथ गेल्यावर मागे घेतली जाईल यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

सह्यकडा

टेम्सकाठ यांनी छान मांडलंय. मी अर्थशास्त्र शिकवतो, दोन गोष्टी जोडतो.

टक्केवारीचं गणित मुळातच उलटं चालतं. मदत उत्पन्नाच्या टक्क्यांत बांधली की देणाऱ्याचं उत्पन्न घटताच मदत आपोआप घटते. साथीत सगळ्यांचं उत्पन्न एकाच वेळी घटतं. म्हणजे घेणाऱ्याची गरज सगळ्यात जास्त असते त्याच वर्षी देणाऱ्याचा हात आखडतो. ब्रिटनने जुलै २०२० मध्येच २.९ अब्ज पौंडांची पहिली कपात केली होती, तेव्हा ०.७ टक्के कायम होते. टक्का तोच, पण ज्याचा टक्का काढायचा ते उत्पन्नच लहान झालं होतं.

तरीही श्रीमंत देशांची एकूण मदत २०२० मध्ये वाढली, १६१.२ अब्ज डॉलर, तोवरचा उच्चांक. उत्पन्नाच्या मानाने ०.३२ टक्के, म्हणजे १९७० च्या शब्दाच्या निम्म्याहून कमी. पैसा वाढला पण सरकला. त्यातले १२ अब्ज डॉलर कोव्हिडसंबंधी कामावर गेले. नियमित लसीकरण, शाळा, कुटुंबनियोजन या कामांचा फोटो येत नाही आणि ती थांबली तर बातमीही होत नाही, त्यामुळे हात तिथे आधी आखडतो.

दुसरं म्हणजे लशींचा हिशेब. २०२१ मध्ये दान केलेल्या प्रत्येक डोसला ६.७२ डॉलर धरून तो मदतीच्या रकमेत दाखवायचा असं या देशांनी आपसांत ठरवलं. आधी स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस अडवून ठेवायचे, उरले की द्यायचे आणि तेही मदत म्हणून मांडायचे. याला बऱ्याच संस्थांनी आक्षेप घेतला आणि तो मला योग्य वाटतो. गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या वस्तूची किंमत मदतीत धरणं मला शिक्षक म्हणून मुलांना समजावता येत नाही.

रानजाई

कोव्हॅक्स म्हणजे नक्की काय? बातम्यांत खूप ऐकलं पण नीट कधी कळलं नाही.

सह्यकडा

थोडक्यात, सगळ्या देशांनी मिळून लस खरेदी करायची आणि गरीब देशांना फुकट पोचवायची अशी योजना. 'गावी' (गरीब देशांना लशी पुरवणारी आघाडी), 'सेपी' (साथींवरच्या लशी विकसित करायला पैसा देणारी आघाडी), जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी चालवलेली. २४ फेब्रुवारी २०२१ ला पहिले ६ लाख डोस घानाला उतरले, तेही पुण्यात बनलेले. अडचण अशी की सुरुवातीला या योजनेची बरीचशी भिस्त एकट्या पुण्यावर होती. २५ मार्चला कोव्हॅक्सने जाहीर केलं की मार्च आणि एप्रिलचे मिळून ९ कोटी डोस लांबणार. ज्या देशांकडे दुसरा पुरवठादार नव्हता त्यांची तिथेच कोंडी झाली.

टेम्सकाठ

यावरून एक सांगायचं राहिलं. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने पुण्याहून ५० लाख डोस विकत आणले. माझ्या कार्डावर बॅच आहे ४१२०झेड००१. जुलैत लोक सुट्टीवर निघाले तेव्हा या क्रमांकावरून इथे मोठा गोंधळ झाला, कारण भारतात बनलेले डोस युरोपच्या प्रमाणपत्रात धरत नव्हते. सगळे आपापली कार्डं काढून बघत होते. मी पाहिलं आणि आधी आनंद झाला, मांजरीची लस, माझी आत्या हडपसरला राहते. मग मार्च महिना डोळ्यांपुढे आला. घाना, केनिया, नेपाळ वाट बघत होते तेव्हा माझ्या दंडात ती गेली. मी तेव्हा ५३ वर्षांचा, धडधाकट, घरून काम करणारा.

उंबरठा

मी नैरोबीत राहते. केनियाला मार्च २०२१ च्या सुरुवातीला कोव्हॅक्सकडून १० लाखांवर डोस आले आणि काही दिवसांनी भारताकडून आणखी एक लाख भेट. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना पहिला डोस त्यातलाच मिळाला. पुढचे डोस येईनात तेव्हा सरकारने दोन डोसांमधलं अंतर ८ आठवड्यांवरून १२ वर नेलं. मावशी मला विचारायच्या, तुमच्या देशातून विमान कधी येणार? मी भारतातल्या बातम्या बघत होते, चिता, रांगा, ऑक्सिजन. त्यांना म्हणाले, माझ्या देशात फार वाईट चाललंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या चर्चमध्ये भारतासाठी प्रार्थना केल्याचं येऊन सांगितलं.

आणि मग मेच्या शेवटी केनियाने भारताला १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. केनियाचे उच्चायुक्त ते द्यायला दिल्लीहून मुंबईला गेले होते. रेड क्रॉसच्या हवाली केलं आणि महाराष्ट्रात वाटायचं ठरलं, रात्रंदिवस राबणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. भारतात काही लोकांनी त्यावर नाकं मुरडली, गरीब देशाकडून चहा घ्यायची वेळ आली म्हणून. मला फार वाईट वाटलं. फूल ना फुलाची पाकळी ज्याला म्हणतो ते हेच. केरिचोच्या मळ्यांत पाठीला टोपली बांधून पानं खुडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या हातचा तो चहा सांगलीत, नांदेडमध्ये कुणा नर्सने प्यायला असेल तर मला त्याचा अभिमान आहे.

पणजीकर

गोव्यात मे महिन्यात ऑक्सिजनअभावी काय झालं ते मी एका इस्पितळात जवळून बघितलं. पहाटे दोननंतर सिलिंडर बदलेपर्यंतची ती मिनिटं. बाहेरून आलेला एकेक काँसन्ट्रेटर तेव्हा सोन्यासारखा वाटायचा. कुठल्या देशाचा, त्याने आपल्याला आधी काय दिलं होतं, हे कुणी विचारत नव्हतं. एवढंच लिहितो.

दर्यावर्दी

नौदलातून निवृत्त, मूळ गाव गुहागर. समुद्राकडची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

१० मे २०२० ला आयएनएस केसरी निघालं. मालदीवला धान्य, पुढे मॉरिशस, मादागास्कर, कोमोरोस, सेशेल्सला औषधं. मॉरिशस आणि कोमोरोसला सोबत डॉक्टरांची तुकडीही नेली. केसरी हे रणगाडे उतरवण्यासाठी बनवलेलं जहाज. त्याच्या पोटात त्या वेळी धान्य आणि औषधांची खोकी होती. अशा फेरीत बंदराला लागल्यावर खलाशांना उतरता येत नाही, माल तेवढा धक्क्यावर जातो. घरापासून इतके दिवस लांब राहून जमिनीला पाय न लावता परतायचं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

बरोबर एका वर्षाने, १० मे २०२१ ला, आयएनएस त्रिकंड मुंबईला आलं ते कतारहून ४० टन द्रवरूप ऑक्सिजन घेऊन. आधी बहरीनहून आयएनएस तलवार मंगळूरला असंच ऑक्सिजन घेऊन लागलं होतं. एका वर्षी भरलेलं जहाज बाहेर जातं आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला भरलेलं जहाज आत येतं, हे मी माझ्या सेवेत कधी पाहिलं नव्हतं.

त्यात आपलं धोरण काय होतं तेही लक्षात घ्या. २००४ च्या सुनामीनंतर आपण ठरवलं होतं की आपत्तीत परदेशी सरकारांची मदत घ्यायची नाही, आमचं आम्ही बघू. २०१८ च्या केरळच्या पुरातही ते पाळलं. सोळा वर्षांनी ते बाजूला ठेवावं लागलं. मला त्यात कमीपणा वाटला नाही. बांगलादेशने पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेवरून रेमडेसिव्हिर या कोव्हिडवरच्या औषधाच्या १० हजार कुप्या पाठवल्या. त्याच बांगलादेशचे ३ कोटी डोसांचे पैसे ठरलेले होते आणि ७० लाखच पोचले होते, तरी पाठवल्या. भूतानने आसामला ऑक्सिजन द्यायची तयारी दाखवली. शेजारी असा असतो.

अजिंक्यतारा

दर्यावर्दी काका, बांगलादेशचं मला माहीत नव्हतं. त्यांच्या लोकांचे दुसरे डोस आपल्याकडे अडकलेले असताना त्यांनी औषध पाठवलं? यावर मला थोडा विचार करावा लागेल.

काजवा

भूतानचं थोडं. त्यांनी जानेवारीत मिळालेले दीड लाख डोस लगेच वापरलेच नाहीत. सगळ्या प्रौढांना पुरतील एवढे जमेपर्यंत थांबले. मार्चमध्ये भारताचे आणखी ४ लाख आले, मग भिक्षूंनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, २७ मार्चला, माकड वर्षात जन्मलेल्या एका तरुणीला पहिला डोस दिला आणि जेमतेम दोन आठवड्यांत ९० टक्क्यांवर प्रौढांना टोचून मोकळे. दुसऱ्या डोसला भारताकडून काही येईना तेव्हा अमेरिकेने ५ लाख मॉडर्ना दिले, डेन्मार्कने अडीच लाख अ‍ॅस्ट्राझेनेका. जुलैत तेही टोचून झालं. लहान देशाला एकच दार ठोठावून चालत नाही, हे त्यांनी वेळेत ओळखलं.

याच्या उलट मलावी. दक्षिण आफ्रिकेने पुण्याहून १० लाख डोस आणले होते. तिथे पसरलेल्या विषाणूच्या नव्या प्रकारावर ते फारसे चालत नाहीत असं दिसल्यावर ते आफ्रिकन युनियनकडे गेले आणि तिथून इतर देशांना. मलावीला मार्चच्या शेवटी १ लाख २ हजार मिळाले, मुदत १३ एप्रिलची. अठरा दिवस हातात. लोक मुदतीची अफवा ऐकून फिरकले नाहीत. मे महिन्यात राजधानी लिलाँग्वेच्या इस्पितळात १९,६१० डोस जाळले.

मुळामुठा

मलावीचं वाचून पोटात खड्डा पडला. अठरा दिवसांची मुदत म्हणजे काय ते मला कामामुळे कळतं. विमानतळावरून सुटायला दोन दिवस, जिल्ह्यांना वाटप करायला चार, बर्फाची सोय, माणसांना निरोप. उरतात दहा. आमच्याकडे एवढी कमी मुदत उरलेला माल पाठवायचा म्हटलं तर समोरून लेखी संमती घेतल्याशिवाय मी बिल बनवत नाही. आणि त्याच आठवड्यांत साताऱ्याला खुर्च्यांवर खडूने नंबर टाकलेले होते. हे दोन्ही एकाच कारखान्याच्या मालाचं.

म्हणून मी परत तिथेच येते. किती दिलं याचे आकडे सगळे देश मोठ्याने सांगतात. कधी पोचेल, पुढचं कधी येईल, येणार नसेल तर कधी कळवू, हे कुणी सांगत नाही. ब्रिटनने शाळा चालवणाऱ्याला मधल्या वर्षात मेल पाठवला, आपण काठमांडूला तोही पाठवला नाही. २० सप्टेंबर २०२१ ला सरकारने जाहीर केलं की ऑक्टोबरपासून निर्यात परत सुरू होईल. हेच एप्रिलमध्ये झालं असतं, "सहा महिने आमच्याकडून काही येणार नाही, दुसरीकडे बघा" एवढं, तर नेपाळ एप्रिलमध्येच दुसऱ्या दारी गेला असता.

रानजाई

ताई, दाजूंच्या आईंचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

सह्यकडा

मुळामुठाताई, तुमच्या मुद्द्याशी सहमत, पण एक अडचण आहे. एप्रिलच्या सुरुवातीला सहा महिने लागतील हे सांगणारं तरी कोण होतं? ६ मे ला एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण सापडले, तो आकडा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तारीख देणं अवघड होतं.

मुळामुठा

सर, तारीख अवघड होती हे मान्य. "माहीत नाही" हे सांगणं अवघड नव्हतं. माल कधी निघेल माहीत नसेल तेव्हा आम्ही तसंच लिहितो आणि समोरचा त्यावरून निर्णय घेतो.

रानजाई, काल रात्री मुद्दाम खाली जाऊन विचारलं. आई बऱ्या आहेत, आता ७२ वर्षांच्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जपानने नेपाळला १६ लाखांच्या आसपास अ‍ॅस्ट्राझेनेकाचे डोस दिले, ते याच अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना मिळाले. गावातल्या आरोग्य चौकीचा निरोप आला तेव्हा भात लावणी आटपत आली होती. दाजूंचा धाकटा भाऊ आईला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. मार्च ते ऑगस्ट, पाच महिने. त्या पाच महिन्यांत गावातली त्यांच्या बरोबरीची, त्याच दिवशी पहिला डोस घेतलेली दोन माणसं गेली.

दाजूंनी मला कार्डाचा दुसरा फोटोही दाखवला, नंतरचा. दोन खोडलेल्या तारखा तशाच आहेत. त्यांच्या खाली जागा उरली नव्हती म्हणून तिसरी तारीख नर्सने समासात, आडवी लिहिली आहे.

अजिंक्यतारा

ताई, दाजूंना माझा नमस्कार सांगा.